दुसऱ्याच्या धावा, आपला डाव

भारतीय क्रिकेटमध्ये एकाच काळात तीन डावखुरे फिरकी गोलंदाज नांदले. पद्माकर शिवलकर १९४० सालचे, राजिंदर गोयल १९४२चे, बिशनसिंग बेदी १९४६चे. भारताच्या संघात या शैलीच्या गोलंदाजाला सहसा एकच जागा असायची आणि ती बेदींनी आपल्या कर्तृत्वाने पक्की केली. ते ६७ कसोटी खेळले, २६६ बळी घेतले, भारताचे कर्णधार झाले. गोयल १९७४ साली बंगळुरू कसोटीच्या वेळी संघात होते, पण खेळणाऱ्या अकरांत त्यांचं नाव आलं नाही आणि ती संधी पुन्हा कधी आली नाही. शिवलकरांच्या नावापुढेही कसोटी सामन्यांच्या रकान्यात शून्यच राहिलं.

आता याच दोघांच्या कामाचा हिशेब पाहा. गोयल यांनी रणजी करंडकात ६३७ बळी घेतले. तो विक्रम अजून कुणाला मोडता आलेला नाही. शिवलकरांनी प्रथम श्रेणी सामन्यांत ५८९ बळी घेतले, तेही वीसच्या आतल्या सरासरीने. इतकी वर्षं, इतक्या खेळपट्ट्यांवर, इतक्या नामवंत फलंदाजांना बाद करणं हे कुणालाही अभिमान वाटावा असं काम आहे. तरीही ही आकडेवारी ऐकली की आपल्या तोंडून पहिला शब्द निघतो, ‘बिचारे!’

हा ‘बिचारे’ येतो कुठून? ५८९ हा आकडा लहान नाही. बेदींच्या २६६ कसोटी बळींमुळे त्यातला एकही बळी कमी होत नाही. तरी दोन आकडे शेजारी ठेवले की एक माणूस यशस्वी आणि दुसरा हुकलेला वाटू लागतो. शिवलकरांच्या बाबतीत आपण जे करतो तेच रोज स्वतःच्या बाबतीत करतो. आपण काय केलं हे पाहण्याआधी शेजारी कुणाचा आकडा आहे हे पाहतो. ही सवय सोडवायची, तर ती मुळात लागते का हे आधी समजून घ्यायला हवं.

पट्टी नसली की माणूस शेजारी बघतो

लिऑन फेस्टिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली सामाजिक तुलनेचा सिद्धांत मांडला. आपण कितपत बरे आहोत, आपले विचार कितपत बरोबर आहेत, हे जाणून घेण्याची माणसाला उपजत ओढ असते, असं त्याचं म्हणणं. बाहेरचं ठोस माप हाताशी असेल तर माणूस ते वापरतो. नसेल तर तो इतरांकडे बघून स्वतःची किंमत ठरवतो.

शंभर मीटर धावायला किती सेकंद लागले हे घड्याळ सांगतं. एकरी किती क्विंटल सोयाबीन निघालं हे वजनकाटा सांगतो. पण ‘माझं बरं चाललंय का?’, ‘मी आयुष्यात काही केलं का?’ या प्रश्नांसाठी बाजारात काटा मिळत नाही. मग मन आसपासची माणसं गोळा करतं आणि त्यांच्या रांगेत आपला नंबर कितवा ते मोजतं. म्हणजे तुलना करणारा माणूस कोत्या मनाचा असतो असं नाही. त्याला उत्तर हवं असतं आणि उत्तर शोधण्याचं दुसरं साधन त्याच्याकडे नसतं.

फेस्टिंगरच्या सिद्धांताचा दुसरा भाग अधिक बोचरा आहे. आपण तुलना करतो ती आपल्यासारख्यांशी. जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी मुकेश अंबानींचं घर बघून तळमळत नाहीत. त्यांच्याबरोबर डी.एड. केलेला मित्र केंद्रप्रमुख झाला, तर मात्र त्या रात्री घास गोड लागत नाही. जो आपल्याच बाकावरून उठून पुढे गेला, तो जास्त सलतो.

याची एक नामी साक्ष दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी सैन्यात सापडली. सॅम्युएल स्टाउफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सैनिकांची मोठी पाहणी केली आणि तिचे निष्कर्ष १९४९ साली प्रसिद्ध झाले. लष्करी पोलिसांत बढत्या दुर्मीळ होत्या, हवाई दलात त्या भराभर मिळत. साहजिकच हवाई दलातले जवान बढतीच्या बाबतीत अधिक समाधानी असतील असं वाटावं. निघालं उलटंच. लष्करी पोलिसांत ज्याला बढती मिळाली नव्हती, त्याच्याभोवती तशीच माणसं होती. हवाई दलात ज्याची बढती राहिली, त्याला रोज चार बढती मिळालेले सलाम ठोकायला लावत होते. असमाधान संधीच्या कमतरतेतून कमी आणि शेजारच्या खांद्यावरच्या फितींमधून जास्त येत होतं.

लातूर पॅटर्नमधून तालुक्यात पहिला आलेला मुलगा आयआयटीत जातो आणि पहिल्याच सत्रात वर्गाच्या खालच्या निम्म्यात सापडतो, तेव्हा हेच घडतं. त्याचं गणित सहा महिन्यांत कच्चं झालेलं नसतं. फक्त भोवतालची मुलं बदललेली असतात. हर्बर्ट मार्श या मानसशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकापासून या परिणामाचा पाठपुरावा केला. सारख्याच क्षमतेच्या दोन मुलांपैकी जो अधिक हुशार मुलांच्या शाळेत जातो, त्याचा स्वतःच्या अभ्यासाबद्दलचा आत्मविश्वास कमी भरतो. त्या मुलाला वसतिगृहात फोन करून ‘तू पूर्वीसारखा अभ्यास करत नाहीस का?’ असं विचारणाऱ्या आईवडिलांनी हे माहीत करून घेणं फार गरजेचं आहे.

आपल्याला दिसतो तो नमुनाच तिरका

तुलना निदान खऱ्या माहितीवर होत असती तरी एक वेळ चाललं असतं. पण समोर येणारी माहितीच एका बाजूला कललेली असते.

समाजशास्त्रज्ञ स्कॉट फेल्ड यांनी १९९१ साली एक गणिती गंमत दाखवून दिली. बहुतेक माणसांच्या मित्रांना त्यांच्याहून जास्त मित्र असतात. कारण सरळ आहे. ज्याला पन्नास मित्र आहेत तो पन्नास जणांच्या यादीत असतो. ज्याला दोनच मित्र आहेत तो फक्त दोघांच्या यादीत असतो. त्यामुळे कुणाचीही यादी उघडा, तिच्यात गोतावळा असलेली माणसं जास्त भेटणार. पुढे संशोधकांच्या बाबतीतही हेच आढळलं. बहुतेक संशोधकांच्या सहलेखकांचे शोधनिबंध त्यांच्याहून अधिक असतात. ‘माझ्या ओळखीतले सगळेच माझ्यापुढे आहेत’ ही भावना अनेकदा आपल्या नाकर्तेपणाचा पुरावा नसून मोजणीच्या रचनेचा परिणाम असते.

दहावीच्या वर्गमित्रांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आठवून पाहा. साठ जणांचा वर्ग असला तरी बोलणारे दहा-बारा. मुलीला एमबीबीएसला प्रवेश मिळाला, तो मेसेज येतो. नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीचे फोटो येतात. न्यूजर्सीच्या अंगणातला बर्फ येतो. ज्याचं दुकान यंदा बसलं, ज्याची नोकरी गेली, ज्याच्या घरी आजारपण आहे, तो ‘अभिनंदन’ लिहून हात जोडलेली खूण टाकतो आणि गप्प बसतो. गप्प बसलेल्या त्या पंचेचाळीस-पन्नास जणांपैकी प्रत्येकाला वाटतं, मागे राहिलेला मी एकटाच. खरं तर तो बहुसंख्येत असतो, पण ही बहुसंख्या पडद्यावर कधीच उमटत नाही.

जे दिसतं त्याचीच तुलना होते, याचा एक पुरावा सारा सॉलनिक आणि डेव्हिड हेमेनवे यांच्या १९९८च्या अभ्यासात मिळतो. त्यांनी लोकांना विचारलं, तुमची मिळकत वर्षाला ५०,००० डॉलर आणि इतरांची २५,००० असं जग हवं, की तुमची १,००,००० आणि इतरांची २,००,००० असं? वस्तूंच्या किमती दोन्हीकडे सारख्याच. जवळपास निम्म्यांनी पहिलं जग निवडलं. कमी पैसे चालतील, पण इतरांहून जास्त हवेत. सुट्टीच्या दिवसांबद्दल असाच प्रश्न केला, तेव्हा मात्र बहुतेकांनी इतरांचा विचार न करता स्वतःला जास्त सुट्टी मिळेल तेच निवडलं. घरच्यांसोबत घालवलेली दुपार कुणी मोजून दाखवत नाही, म्हणून तिच्यात चढाओढही नसते.

नॉर्वेत तर हा प्रयोग देशाच्या पातळीवर झाला. तिथे नागरिकांचे करविषयक आकडे पूर्वीपासून सार्वजनिक होते, पण ते बघायला कचेरीत जावं लागे. २००१पासून ते इंटरनेटवर आले आणि शेजारी, साडू, ऑफिसातला सहकारी किती कमावतो हे कुणालाही घरबसल्या कळू लागलं. रिकार्डो पेरेझ-ट्रुग्लिया या अर्थशास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की त्यानंतर जास्त आणि कमी मिळकतीच्या लोकांमधली समाधानाची दरी रुंदावली. २०१४ साली सरकारने एक बदल केला. तुमचा आकडा कुणी पाहिला हे तुम्हाला कळू लागलं. तेव्हापासून अशा चौकशांची संख्या एकदम घसरली. नाव उघड होणार म्हटल्यावर बहुतेकांना ती माहिती तितकीशी गरजेची वाटेनाशी झाली!

तिसऱ्याच्या चेहऱ्यावरचं हसू

एकाच यशाकडे दोन बाजूंनी पाहता येतं. १९९२च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधल्या खेळाडूंच्या चित्रफिती व्हिक्टोरिया मेडवेक, स्कॉट मेडी आणि थॉमस गिलोविच यांनी विद्यार्थ्यांना दाखवल्या. निकाल लागला त्या क्षणी खेळाडू किती आनंदी दिसतो, याला १ ते १० पैकी गुण द्यायचे होते. कांस्यपदक मिळवणाऱ्यांना सरासरी ७.१ गुण मिळाले, रौप्यपदक मिळवणाऱ्यांना ४.८. दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूचं लक्ष हुकलेल्या सुवर्णावर होतं. तिसरा आपण पदकाविना परतलो असतो हे जाणून होता.

यावरून ‘खाली बघा, सुखी राहा’ असा सल्ला सहज काढता येईल. आपल्याकडे तो पूर्वापार दिलाही जातो. मला तो पुरेसा वाटत नाही. आपल्याहून दुबळ्याला बघून मिळालेलं समाधान त्याच्या दुबळेपणावर टिकून असतं. तो सावरला की आपलं समाधान गेलं. शिवाय त्यात आपल्या कामाकडे बघणं राहूनच जातं. वर बघा की खाली बघा, मोजमाप दुसऱ्याच्याच हाती राहतं.

‘कुठे पोहोचला’ आणि ‘कसा पोहोचला’

मग दुसऱ्यांकडे बघूच नये का? तसं केलं तर शिकणंच थांबेल. पेनेलोपी लॉकवूड आणि झिवा कुंडा यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लेखाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शेवटच्या वर्षातल्या एका अत्यंत यशस्वी विद्यार्थ्याविषयी मजकूर वाचायला दिला. पहिल्या वर्षाच्या मुलांना त्यातून हुरूप आला. शेवटच्या वर्षाच्या मुलांना आला नाही. पहिल्या गटाला हाती वेळ असल्याने हेही करून पाहता येईल असं दिसलं. दुसऱ्या गटाला फक्त आपण काय केलं नाही एवढंच दिसलं.

दुसऱ्याच्या यशातून रस्ता दिसला तर बळ येतं. नुसता मुक्काम दिसला तर खचायला होतं. म्हणून कुणाची प्रगती कानावर आली की ‘तो कुठे पोहोचला’ यावर न रेंगाळता ‘तो कसा पोहोचला’ हे विचारावं. त्याने रोज काय केलं, कुणाकडून शिकला, काय सोडलं, यातलं मला काय जमेल? या प्रश्नांना उत्तरं असतात. ‘तो पुढे आणि मी मागे का?’ या प्रश्नाला बहुधा नुसता उसासा असतो.

एका ठिकाणी तुलना सोडूच नये. अन्याय ओळखण्यासाठी ती लागतेच. त्याच शेतात, तितकेच तास राबणाऱ्या बाईला पुरुषापेक्षा कमी मजुरी हाती पडते, तेव्हा तिने दोन्ही मजुऱ्या शेजारी ठेवून बोललंच पाहिजे. भारतीय महिला क्रिकेटपटूंना पुरुषांइतकंच सामना मानधन देण्याचा निर्णय क्रिकेट मंडळाने ऑक्टोबर २०२२मध्ये जाहीर केला. त्यामागे कुणीतरी दोन आकडे शेजारी ठेवले होतेच. हक्क मागताना तुलना हे हत्यार आहे. स्वतःची लायकी ठरवताना तेच हत्यार आपल्यावर उलटतं.

कामाचं स्वतःचं माप

फेस्टिंगरचा सिद्धांत नीट वाचला तर सुटकेची वाटही त्यातच आहे. ठोस माप नसतं तेव्हा माणूस इतरांकडे बघतो. म्हणजे मनाला ‘तुलना करू नकोस’ असं बजावून काही होणार नाही. त्याला दुसरं माप हातात द्यावं लागेल.

१९७२-७३च्या रणजी अंतिम सामन्यात चेपॉकवर मुंबई आणि तमिळनाडू समोरासमोर आले. खेळपट्टी हातभर वळत होती. मुंबईचा पहिला डाव १५१ धावांत आटोपला. तमिळनाडूचा संघ ८० आणि ६१ धावांत कोसळला. शिवलकरांनी पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्यात १८ धावांत ५ बळी घेतले. मुंबईचं ते सलग पंधरावं विजेतेपद. त्या सामन्यात टाकलेला प्रत्येक चेंडू स्वतःचं उत्तर स्वतः देत होता: टप्पा पडला की नाही, वळला की नाही, फलंदाज फसला की नाही. भारताची टोपी कुणाच्या डोक्यावर आहे याने त्या उत्तरांत काही फरक पडत नव्हता. निवृत्तीनंतर, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, ते मुंबईसाठी पुन्हा रणजी खेळायला उतरले. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते त्यांनाच ठाऊक. पण त्या वयात कसोटी संघाचं दार उघडावं म्हणून कुणी गोलंदाजी करत नाही.

असं माप प्रत्येक कामात सापडतं, फक्त ते मुद्दाम शोधून लिहून ठेवावं लागतं. शिक्षिकेसाठी ते असू शकतं, दिवाळीपर्यंत वर्गातली किती मुलं धडा न अडखळता वाचू लागली. कचेरीतल्या लिपिकासाठी, माझ्या टेबलावर फाइल किती दिवस पडून राहते. घरगुती डबे देणाऱ्या बाईसाठी, मागच्या वर्षीची किती गिऱ्हाइकं अजून टिकून आहेत. ही मापं साधी वाटतील. त्यांची ताकद अशी, की ती आपल्या हातातल्या कामाबद्दल बोलतात आणि शेजाऱ्याच्या बढतीने बदलत नाहीत.

दुसरी सवय, हेवा वाटला की पूर्ण अदलाबदलीचा विचार करायचा. मित्राचा पगार हवा, तर त्याची दर तीन वर्षांनी होणारी बदली, त्याची रात्री अकराची मीटिंग, त्याने न पाहिलेलं मुलांचं बालपण हेही घ्यावं लागेल. त्याच्या खात्यातली फक्त जमेची बाजू उचलायची सोय नसते. अख्खं आयुष्य अख्ख्या आयुष्याशी बदलायचं म्हटलं की बहुतेक वेळा माणूस माघार घेतो. कधीकधी मात्र माघार घ्यावीशी वाटत नाही. तेव्हा त्या हेव्यातून आपल्याला खरोखर काय हवंय याचा पत्ता लागतो आणि त्या दिशेने पाऊल टाकता येतं.

तिसरी गोष्ट घरातली. मुलगा परीक्षेत ८२ गुण मिळाल्याचं सांगत येतो आणि आपण विचारतो, ‘वर्गात सगळ्यात जास्त किती पडले?’ त्या एका प्रश्नाने मुलाला कळतं, की ८२ला स्वतःचा अर्थ नाही. त्याऐवजी ‘मागच्या वेळी अपूर्णांकांत चुकत होतास, या वेळी जमले का?’ असं विचारलं, तर त्याच्या हाती आयुष्यभर पुरणारं माप पडतं. तुलनेची सवय आपल्याला अशाच प्रश्नांतून लागलेली असते आणि पुढच्या पिढीत ती थांबवणं पूर्णपणे आपल्या हातात आहे.

‘शेवटी न्याय मिळाला’ या वाक्यातला सापळा

फेब्रुवारी १९८८मध्ये आझाद मैदानावर सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी हॅरिस शिल्डमध्ये शारदाश्रमसाठी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली, तेव्हा पुढचा फलंदाज अमोल मुझुमदार पॅड बांधून बसून राहिला. पुढे रणजी पदार्पणात हरियाणाविरुद्ध त्याने २६० धावा केल्या; प्रथम श्रेणी पदार्पणातला तो जागतिक विक्रम २०१८पर्यंत टिकला. प्रथम श्रेणीत ११,१६७ धावा, ३० शतकं. भारताच्या मधल्या फळीत तेव्हा तेंडुलकर, द्रविड, गांगुली, लक्ष्मण होते. मुझुमदार भारतासाठी एकही सामना खेळले नाहीत. २०२३मध्ये ते महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत त्यांच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला.

त्या रात्री अनेकांनी मनापासून म्हटलं, शेवटी न्याय मिळाला. आनंद खरा होता, पण या वाक्यात तुलनाच लपलेली आहे. विश्वचषकाने जुनी उणीव भरून काढली असं म्हटलं, की त्याआधीच्या ११,१६७ धावा अपुऱ्या होत्या असं मान्य करावं लागतं. त्याच वर्षी मार्चमध्ये शिवलकर गेले. गोयल २०२० साली गेले होते. २०१७ साली मंडळाने दोघांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला, पण विश्वचषकाची रात्र त्यांच्या वाट्याला आली नाही. म्हणून त्यांचं काम उणं ठरत नाही. भरपाई झाली तरच आयुष्य सार्थ, असं धरलं तर ज्यांना भरपाई मिळत नाही अशा असंख्य प्रामाणिक माणसांचं आयुष्य आपण खोडून टाकतो. त्यात बहुधा आपलंही असतं.

तुलना सुटू लागली हे ओळखायचं कसं? महत्त्वाकांक्षा मेली, असं काही होत नाही. उलट काम जास्त नेटाने होतं, कारण लक्ष इकडेतिकडे जात नाही. खरी खूण वेगळीच आहे. बरोबरीच्या माणसाची चांगली बातमी आली की पोटात गोळा येण्याआधी कुतूहल जागं होतं. सुनील गावसकरांनी आपल्या ‘आयडॉल्स’ या पुस्तकात जगभरच्या मोठ्या खेळाडूंच्या बरोबरीने गोयल आणि शिवलकर यांच्यावरही लिहिलं. कसोटीतल्या विक्रमांचा धनी असलेल्या माणसाने एकही कसोटी न खेळलेल्या दोघांना आदर्श मानलं, कारण त्याने पदव्या न मोजता चेंडू पाहिले होते. पुढच्या वेळी कुणी वर्गमित्र पेढे घेऊन आला, तर त्याला बसवून घ्या, चहा करा आणि विचारा, ‘हे कसं जमवलंस, सांग तरी.’ प्रश्न मनापासून असेल, तर समजा, आपल्या डावाचा हिशेब आता आपल्या हाती आला आहे.